थोरात आणि थिमय्या : सोबत शिकलेल्या दोन मित्रांची गोष्ट

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



समितीने मला 'मैत्री' या विषयावर बोलायला सांगितले. मी काही प्राध्यापक नाही. जालन्याला सळईच्या मिलमध्ये पाळीवर काम करणारा माणूस आहे मी. शाळा लवकर सुटली, पण वाचन सुटले नाही. जे हाती लागेल ते वाचत आलो, चळवळीत चार माणसांत बसून समजून घेत आलो. त्यातूनच आज दोन मित्रांची गोष्ट तुमच्यापुढे मांडणार आहे. हे दोघे आपल्या समाजातले नाहीत, आपल्या गावचेही नाहीत. तरीपण ही गोष्ट आपल्या विहारात सांगण्यासारखी आहे असे मला वाटते. का, ते पुढे येईलच.

आपल्या वस्तीतली पोरं पहाटे चार-साडेचारला उठून रस्त्याने धावताना मी बघतो. कोणी भरतीची तयारी करतो, कोणी पोलीसची, कोणी फौजेची. सोळाशे मीटर किती मिनिटांत, हाच त्यांच्यात बोलण्याचा विषय. जी पोरं भरती होऊन ट्रेनिंगला जातात ती सुट्टीवर आली की आईबापापेक्षा जास्त बोलतात ते 'ट्रेनिंगमधल्या दोस्ता'बद्दल. हा दोस्त कुठला तर कोणी सांगलीचा, कोणी बिहारचा, कोणी आसामचा. एकाच बराकीत झोपलेले, एकाच उस्तादाच्या शिव्या खाल्लेले. ही दोस्ती काय चीज असते आणि ती शेवटपर्यंत कशी निभवायची, यासाठी मी जनरल थोरात आणि जनरल थिमय्या यांची गोष्ट निवडली.

तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थाच्या मुलाला जो उपदेश केला तो आपण सिगालोवाद सुत्त म्हणून ऐकतो. त्यात खऱ्या मित्राचे चार प्रकार सांगितले आहेत. एक, संकटात मदतीला येणारा. दोन, सुखात आणि दुःखात सारखाच राहणारा. तीन, आपल्या हिताचे सांगणारा, मग ते कडू का असेना. आणि चौथा, जो मित्राचे वाईट झाले म्हणून खूश होत नाही, मित्राचे चांगले झाले की आनंद मानतो, कोणी मित्राची निंदा केली तर त्याला थांबवतो. मला विचाराल तर हा चौथा सगळ्यात अवघड. या चार गोष्टी मनात ठेवून पुढे ऐका.

शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांचा जन्म १२ ऑगस्ट १९०६ रोजी कोल्हापूर भागातल्या वडगावचा. कोडंदेरा सुबय्या थिमय्या यांचा जन्म त्याच वर्षी ३१ मार्चला कर्नाटकातल्या कोडगू भागात, मडिकेरीला. एक मराठी, एक कोडव. भाषा वेगळी, जेवण वेगळे, चालीरीती वेगळ्या. दोघांची गाठ पडली ती थेट सातासमुद्रापार, इंग्लंडातल्या सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात.

तेव्हा आपल्या देशात अधिकारी घडवणारी लष्करी अकादमी नव्हती. सँडहर्स्टचे दार भारतीय मुलांसाठी उघडले ते १९१८ साली आणि तेही वर्षाला फक्त दहा जागांपुरते. दोघेही तिथे शिकून १९२६ साली अधिकारी झाले. पण अधिकारी झाले म्हणून गोऱ्यांच्या बरोबरीचे झाले असे समजू नका. भारतीय अधिकाऱ्याच्या हाताखाली गोऱ्याला काम करावे लागू नये म्हणून इंग्रजांनी १९२३ सालीच आठ पलटणी बाजूला काढल्या होत्या आणि भारतीय अधिकारी तेवढ्यातच घालायचे ठरवले होते. आपल्या भाषेत सांगायचे तर वेगळी पंगत! गोऱ्या साहेबांच्या कित्येक क्लबांत भारतीय अधिकाऱ्याला आत घेत नसत. खांद्यावर बिल्ला तोच, गणवेश तोच, पण उंबरठ्याच्या आत यायचे नाही. उंबरठ्याबाहेर उभे राहणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. त्या दिवसांत परक्या मुलखात आपल्यासारखेच भोगणारा जो सोबत असतो, तो मित्र माणूस विसरत नाही. थिमय्यांना मित्रमंडळी 'टिमी' म्हणत.

आता तुम्ही म्हणाल, त्या दहा जागा मोठ्या घरच्या पोरांसाठी होत्या, आपल्याला काय त्याचे? बरोबर आहे. आपल्या आज्या-पणज्यांना तर साधे शिपाई म्हणूनही घेत नव्हते. एकेकाळी महार पलटणी होत्या, सुभेदार-जमादार होते. पण इंग्रजांनी 'लढवय्या जाती' आणि 'बिगरलढवय्या जाती' असे खूळ काढले आणि १८९०च्या सुमारास आपली भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा पुन्हा घेतले आणि युद्ध संपताच काढून टाकले. बाबासाहेब गोलमेज परिषदेला गेले तेव्हा संरक्षणाच्या उपसमितीत त्यांनी सैन्यभरती सर्वांना खुली करण्याचा आग्रह धरला. त्याच उपसमितीने देशात लष्करी विद्यालय काढण्याची शिफारस केली आणि १९३२ साली डेहराडूनला अकादमी सुरू झाली. पुढे १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. याच रेजिमेंटमधले जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी पुढे देशाचे लष्करप्रमुख झाले, आणि याच रेजिमेंटच्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना १९८७च्या श्रीलंकेतल्या लढाईबद्दल मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. म्हणजे ज्या दारातून थोरात-थिमय्या आत गेले, ते आपल्यासाठी उघडायला आणखी एक पिढी आणि बाबासाहेब लागले. हे ध्यानात ठेवूनच त्यांची गोष्ट ऐकायची.

थिमय्यांच्या पलटणीचे नाव हैदराबाद रेजिमेंट. ही निजामाच्या जुन्या फौजेतून आलेली. त्या फौजेच्या छावण्या आपल्याच मराठवाड्यात हिंगोलीला, औरंगाबादला, मोमिनाबादला म्हणजे अंबाजोगाईला होत्या. तीच रेजिमेंट १९४५ साली कुमाऊँ रेजिमेंट झाली. थोरात गेले पंजाब रेजिमेंटमध्ये. दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. त्या पुन्हा एकत्र आल्या त्या ब्रह्मदेशात, दुसऱ्या महायुद्धात.

१९४५च्या जानेवारीत आराकानमध्ये कांगाव या ठिकाणी जपान्यांशी मोठी लढाई झाली. त्या लढाईतल्या ५१व्या ब्रिगेडमध्ये तीन पलटणी होत्या आणि तिन्हींचे प्रमुख भारतीय होते : थिमय्या, थोरात आणि बंगालचे एल. पी. सेन. भारतीय माणूस पलटण चालवू शकत नाही असे म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तिघांनी ती लढाई लढवली आणि तिघांनाही डी.एस.ओ. हा मोठा शौर्यसन्मान मिळाला. एक कोडव, एक मराठा, एक बंगाली. लगेच पुढे थिमय्यांना ब्रिगेड मिळाली. त्या महायुद्धात लढाईवरच्या ब्रिगेडचे नेतृत्व मिळालेले ते एकटे भारतीय. इथून थिमय्या एक पायरी वर आणि थोरात एक पायरी खाली, असे सुरू झाले. हे तसेच शेवटपर्यंत राहिले.

इथे जरा थांबतो. आमच्या मिलमध्ये मी बघतो. दोघे सोबत कामाला लागतात, एकाच भट्टीपुढे सांडशी धरतात, लाल सळई एकाने ओढायची आणि दुसऱ्याने पुढे घ्यायची. हात जरा चुकला तर जीव जायचा, असा एकमेकांवर भरवसा. आणि त्यातला एक मुकादम झाला की सहा महिन्यांत दोघांचे बोलणे बंद! वर गेलेल्याला खालच्याची ओळख नको, खाली राहिलेल्याला वरच्याचे कौतुक सोसत नाही. आपल्या समाजातही हेच. एकाला नोकरी लागली, तो संभाजीनगरला राहायला गेला की वस्तीत दोन भाग पडतात. म्हणून थोरात-थिमय्यांचे पुढचे ऐका.

१९५०पासून कोरियात युद्ध चालू होते. २७ जुलै १९५३ला ते थांबले, पण हजारो कैद्यांचा प्रश्न उरला. चीन आणि उत्तर कोरियाचे बावीस हजारांच्या वर कैदी म्हणू लागले, आम्हाला आमच्या देशात परत जायचे नाही. मग पाच तटस्थ देशांचा एक आयोग नेमला गेला. त्याचे अध्यक्षपद भारताकडे आले आणि अध्यक्ष झाले थिमय्या. कैद्यांना सांभाळण्यासाठी जी भारतीय फौज गेली, तिचे प्रमुख झाले थोरात. दक्षिण कोरियाच्या सरकारचा भारतावर इतका राग की भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू देणार नाही असे त्यांनी जाहीर केले. तेव्हा आपल्या जवानांना जहाजावरून हेलिकॉप्टरने उचलून मधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. तिथल्या तळाला नाव दिले 'हिंदनगर'.

पाच-सहा हजार माणसांनी बावीस हजार कैदी सांभाळायचे. कैदी संघटित, आपसात मारामाऱ्या करणारे, आपल्या जवानांवर दगड फेकणारे. सप्टेंबर १९५३मध्ये एकदा चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओढून कुंपणाच्या आत नेले. बाहेर बंदुका तयार. गोळीबार केला असता तर शेकडो मेले असते, तो मेजरही मेला असता आणि मित्र थिमय्यांनी महिनाभर खपून उभे केलेले सगळे काम त्या एका दिवशी मातीत गेले असते. थोरातांनी काय केले? मोजक्या अधिकाऱ्यांना घेऊन, हातात शस्त्र न घेता ते त्या खवळलेल्या जमावात शिरले. जमाव चहूबाजूंनी अंगावर आला. थोरात त्यांना शांतपणे म्हणाले की तुम्ही चिनी लोक पाहुणचाराबद्दल प्रसिद्ध, आणि आज मला कोणी साधी सिगारेटही विचारली नाही! लोक चपापले, कोणी सिगारेट आणली, वातावरण निवळले आणि मेजरची सुटका झाली. पुढे थोरातांना अशोकचक्र, वर्ग दोन, देण्यात आले. त्यालाच आता कीर्तिचक्र म्हणतात.

सगळेच काही असे गोड झाले नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कैदी अंगावर आले तेव्हा गोळीबार करावा लागला आणि काही कैदी मेले. हेही सांगितले पाहिजे. पण एवढ्या मोठ्या जोखमीत दोन्ही बाजूंच्या शिव्या खात भारताने ते काम जानेवारी १९५४पर्यंत निभावले. ज्यांना कुठेच परत जायचे नव्हते असे ८८ कैदी जहाजाने आपल्या देशात आले. मित्र अध्यक्ष, आपण त्याच्या कामातले एक अंग, हे थोरातांना कमीपणाचे वाटले नाही. थिमय्यांनाही आपला मित्र आत गेला तर काय होईल याचा भरवसा होता. सिगालोवादातला पहिला मित्र तो हाच, संकटात उपयोगी पडणारा.

आता तिसऱ्या मित्राची, म्हणजे हिताचे सांगणाऱ्याची गोष्ट. १९५७ साली थिमय्या भूदलप्रमुख झाले. थोरात ईस्टर्न कमांडचे प्रमुख होते. नेफाची, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशाची सीमा त्यांच्या ताब्यात. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी थिमय्यांचे पटेना. ३१ ऑगस्ट १९५९ला त्यांनी राजीनामा दिला आणि पंतप्रधान नेहरूंनी समजावल्यावर तो परत घेतला. यावरून त्यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली. त्यानंतर सव्वा महिन्यात, ८ ऑक्टोबर १९५९ला, थोरातांनी एक सविस्तर टिपण तयार करून थिमय्यांकडे पाठवले. चीनकडून धोका कुठून येईल, आपल्याकडे फौज, रस्ते, सामान किती कमी आहे, सीमेवर रेटा आला तर कुठे मागे येऊन लढावे लागेल, हे सगळे त्यात होते. ज्या मित्राची खुर्ची आधीच डगमगते आहे, त्याच्या टेबलावर असा कागद ठेवायचा म्हणजे गंमत नाही. दुसरा असता तर म्हणाला असता, राहू द्या, टिमीच्या अडचणीत भर नको. थोरातांनी ठेवला. आणि थिमय्यांनीही तो दाबला नाही, आपली सहमती देऊन वर पाठवला. संरक्षणमंत्र्यांनी तो उडवून लावला. मार्च १९६०मध्ये थोरातांनी लखनौला 'लाल किल्ला' नावाचा लष्करी सराव घेऊन तेच म्हणणे पुन्हा सर्व अधिकाऱ्यांपुढे मांडले.

मे १९६१मध्ये थिमय्या निवृत्त झाले. आपल्या जागी थोरात यावेत अशी त्यांची शिफारस होती. पण सरकारने जनरल थापर यांना नेमले. थापर सेवेत ज्येष्ठ होते हे खरे. पण स्पष्ट बोलणाऱ्याला मोठी जागा मिळत नाही, हेही आपण सगळे जाणतो. त्याच महिन्यात थोरातही निवृत्त झाले. दीड वर्षात, २० ऑक्टोबर १९६२ला, चीनने हल्ला केला आणि नेफात जे व्हायचे ते झाले. हजारो जवान अपुऱ्या कपड्यांत, अपुऱ्या दारूगोळ्यावर लढले आणि मेले. थोरातांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे की युद्ध चालू असताना नेहरूंनी त्यांना बोलावून घेतले, ते टिपण वाचले आणि हे मला आधी का दाखवले नाही असे विचारले. पुढे राष्ट्रीय संरक्षण परिषद नेमली गेली तेव्हा थोरात आणि थिमय्या दोघांनाही त्यात घेतले. पण वेळ निघून गेली होती.

थिमय्या नंतर संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख म्हणून सायप्रसला गेले. तिथे ग्रीक आणि तुर्क एकमेकांच्या जिवावर उठले होते. दोघांच्या मध्ये उभे राहायचे काम. तिथेच १८ डिसेंबर १९६५ला हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. वय अवघे एकोणसाठ. सायप्रसने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. परक्या देशाने, विचार करा!

थोरात त्यांच्यानंतर जवळजवळ सत्तावीस वर्षे जगले. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे ते अध्यक्ष होते. १९६१ साली साताऱ्याला देशातली पहिली सैनिकी शाळा निघाली, तिच्या उभारणीतही त्यांचा हात होता. म्हणजे आपण शिकायला सातासमुद्रापार गेलो, आता शेतकऱ्याचे पोर जवळच शिकावे, हे त्यांनी पाहिले. वयाच्या ऐंशीच्या घरात, १९८६ साली, त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र आले. त्यात थिमय्यांचे नाव पुन्हा पुन्हा येते. थिमय्या स्वतः बोलायला उरले नव्हते. १९५९ साली कोणी इशारा दिला होता, कागद कुठून कुठे गेला, कोणी तो पुढे पाठवला, हे सांगणारा साक्षीदार उरला होता तो मित्र. त्याने ते लिहून ठेवले. १९९२ साली थोरातही गेले. ते लिहिले नसते तर पराभवाचा सगळा दोष फौजेवरच टाकून लोक मोकळे झाले असते.

मित्रांनो, हा तो चौथा मित्र. गेलेल्या मित्राच्या नावाला कोणी बोट लावू नये म्हणून उभा राहणारा. फोटोला हार घालणे सोपे आहे. आपण जयंतीला, पुण्यतिथीला ते करतोच. पण गेलेल्या माणसाने काय सांगितले होते, कशासाठी झगडला होता, ते पुढच्याला सांगणे हे खरे स्मरण आहे.

आता आपल्या पोरांशी थोडे बोलतो. आज तुमची भरती पूर्वीसारखी राहिली नाही. २०२२ साली अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी आणि त्यानंतर शंभरातले फार तर पंचवीस कायम. म्हणजे ज्याच्या शेजारी तुम्ही बराकीत झोपणार, तोच तुमचा स्पर्धक. योजना चांगली की वाईट यावर माझे मत आहे, ते वेगळ्या सभेत सांगेन. आज एवढेच विचारतो, चार वर्षांनी एक राहिला आणि तिघे परतले, तर ती दोस्ती राहील का? राहणारा परतलेल्यांना ओळख देईल का? परतलेला राहणाऱ्याच्या नावाने बोटे मोडत बसेल का? एक लष्करप्रमुख झाला आणि दुसरा झाला नाही, तरी चाळीस वर्षांच्या मैत्रीला तडा गेला नाही, हे मी तुम्हाला त्यासाठीच सांगितले.

आणि वाटा बंद नाहीत. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७पासून आहे. खडकवासल्याच्या अकादमीसाठी तिथे मुलांची तयारी करून घेतात. हसनाबादच्या पोराला तिथली परीक्षा देता येते. शिपाईच व्हायचे असे कोणी ठरवले? खडकवासल्याला २०२२पासून मुलीही आहेत आणि मे २०२५मध्ये त्यांची पहिली तुकडी शिकून बाहेर पडली. महिला मंडळाने हे घरोघर सांगावे. पण जाल तेव्हा एकट्याने अभ्यास करू नका. दोघे-तिघे मिळून करा. एकाला गणित येते, दुसऱ्याला इंग्रजी येते. एकाचा नंबर लागला तर त्याने आपली पुस्तके आणि वह्या दुसऱ्यासाठी विहारात ठेवून जावे.

समितीला माझी एक विनंती आहे. विहारात एक वही ठेवावी. आपल्या गावची जी माणसे फौजेत, पोलिसात, गिरणीत, रेल्वेत राबली आणि निघून गेली, त्यांच्याबद्दल त्यांच्यासोबत काम केलेल्या मित्राने दोन पाने लिहावीत. लिहिता येत नसेल तर सांगावे, आमच्यासारखा कोणी लिहून घेईल. गौरवाचे शब्द नकोत. काय काम केले, कोणासाठी भांडला, काय सांगून गेला, एवढेच लिहावे. ट्रेनिंगमधला दोस्त गेला असेल तर त्याच्या गावी जाऊन त्याच्या आईला भेटून यावे. भाड्याला पैसे कमी पडले तर विहाराने वर्गणी काढावी. पहिली वर्गणी माझी घ्या.

आनंदाने एकदा तथागतांना म्हटले होते की चांगली मैत्री म्हणजे अर्धे धम्मजीवन आहे. तथागत म्हणाले, अर्धे नव्हे, संपूर्णच. यापुढे मी काय सांगणार? 

नमो बुद्धाय! जयभीम!